बिल्ला माझा आहे, कुत्री नाही

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीतल्या मंडळींनी माझा सत्कार केला. शाल, श्रीफळ आणि ‘प्राणिमित्र’ असं कोरलेली एक लाकडी पाटी. कारण असं की आजवर माझ्या घरात नऊ कुत्री, मोजायची सोडून दिलेली मांजरं, पंख मोडलेली एक घार आणि खाटकाच्या दारातून परत फिरलेली एक शेळी नांदून गेली. शेळीनं माझ्या निवृत्तीचं मानपत्र खाल्लं होतं, तेव्हा ही पाटी लाकडी आहे हे पाहून बायकोला बरं वाटलं.

उत्तरादाखल बोलायला उभा राहिलो ते खरी गोष्ट सांगायची म्हणून. पण तिसऱ्या वाक्यालाच लोक हसायला लागले. त्यांचाही दोष नाही. स्वतःच्या फजित्या रंगवून सांगणारा म्हणून माझी ख्याती, त्यांना वाटलं हीही त्यातलीच. मग मीही हसलो आणि जिथं थांबायला नको होतं नेमका तिथं थांबून खाली बसलो. म्हणून आता लिहून काढतो. कागद मध्येच हसत नाही.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. पिंपरी तेव्हा शहर नव्हतं. रेल्वेच्या एका अंगाला गावठाण, दुसरीकडे निर्वासितांचा कॅम्प आणि मधल्या माळावर नवे नवे उभे राहणारे कारखाने. त्यातल्या एका कारखान्यात मी फिटर म्हणून लागलो होतो. लागलो होतो म्हणजे हंगामी. कायम व्हायचो होतो. गावठाणात एका मावशींच्या घराची पुढची खोली भाड्यानं घेतली होती. मावशी एकट्या, मळा राखून होत्या, शनिवारी चाकणच्या बाजाराला कांदे घेऊन जायच्या आणि मला ‘फिटर’ अशीच हाक मारायच्या, जणू माझ्या आईबापांनी बारशालाच ते ठरवलं होतं.

एके दिवशी रुळांजवळच्या मोरीतून एक तांबूस कुत्री माझ्या मागं मागं घरापर्यंत आली. मी मावशींना सांगितलं, मालगाडी येत होती, मी उडी मारून तिला ओढून काढलं. खरं कारण माझ्या खिशात होतं. कॅम्पातल्या बेकरीतले दोन गरम पाव.

“गाडी येत हुती व्हय?” मावशी म्हणाल्या. “मग तिच्या तोंडाला पावाचा चुरा कसा रं?”

पण त्यांनी भाकरीचा तुकडा टाकला आणि कुत्री राहिली. तिला मी नाव दिलं नाही. ‘ए’ म्हटलं की यायची. सकाळी माझ्याबरोबर कारखान्याच्या फाटकापर्यंत चालत यायची, बाहेरच्या बाभळीखाली बसायची आणि दुपारी सुटीचा भोंगा झाला की उठून अंग झटकायची. फाटकावरचे टाइमकीपर फौजेतून निवृत्त झालेले होते. ते खिडकीतून म्हणायचे, “राव, तुझ्यापेक्षा हिची हजेरी चोख आहे. हिलाच कायम करतो.”

आमच्या हजेरीची पद्धत अशी होती. प्रत्येकाला नंबर ठोकलेला एक पितळी बिल्ला मिळायचा, वर भोक पाडलेलं. सकाळी आत जाताना तो खिडकीत द्यायचा, टाइमकीपर तो फळीवरच्या खिळ्याला अडकवायचे. बिल्ला फळीवर तर माणूस हजर. दुसरा भोंगा झाला की खिडकी बंद. बिल्ला नाही तर आत प्रवेश नाही आणि खाडा. सुटीला बिल्ला परत घेऊन घरी जायचं.

त्या उन्हाळ्यात गावात दवंडी पिटली. पिसाळलेल्या कुत्र्यांचा सुळसुळाट झाला आहे, ज्यांनी कुत्री पाळली असतील त्यांनी रविवारी चावडीवर अर्ज करून बिल्ला घ्यावा आणि कुत्र्याच्या गळ्यात बांधावा. बिनबिल्ल्याचं कुत्रं दिसेल ते पकडून नेण्यात येईल.

मावशी म्हणाल्या, “रविवारी जा आन् अर्ज दे.”

रविवारी आम्हा फिटर लोकांचा पत्त्यांचा डाव असायचा. मी विचार केला, अर्ज कशाला? पितळी आहे, गोल आहे, नंबर आहे, भोकसुद्धा आहे! कामावरून आलो की माझा हजेरीचा बिल्ला सुतळीत ओवून मी कुत्रीच्या गळ्यात बांधायला लागलो. कुत्री पकडणारी गाडी भल्या सकाळी फिरायची आणि पहिल्या भोंग्याच्या आत माघारी जायची. म्हणजे गाडी फिरे तोवर बिल्ला कुत्रीच्या गळ्यात आणि ती गेली की खिडकीत. पहिल्याच दिवशी गाडीवाल्यानं दारातल्या कुत्रीकडे पाहिलं, पितळ चमकताना पाहिलं आणि पुढं गेला. मी आतून बघत होतो. एवढा आनंद मला फिटरची परीक्षा पास झाल्यावरही झाला नव्हता.

ही हुशारी मी पोटात ठेवायला हवी होती. ठेवली नाही. पत्त्याच्या डावावर सांगितली, कॅम्पातल्या बेकरीत सांगितली. “अक्कल लागते राव,” असं म्हणून सांगितली. फक्त टाइमकीपरना सांगितली नाही, कारण कारखान्याची वस्तू कुत्र्याच्या गळ्यात म्हणजे काय, हे मला चांगलं कळत होतं.

मावशींना कौतुक नव्हतं. “खरा बिल्ला आन की बाबा. येवडं काय लागतंय?”

“आणतो की मावशी. पुढच्या रविवारी.”

असे चार रविवार गेले. चौथ्या रविवारी मी डाव जिंकलो, हेही मला आठवतं.

त्यानंतरच्या मंगळवारी टाइमकीपर हळूच म्हणाले, “उद्या खाडा करू नकोस. साहेब कायम करायच्या लोकांची यादी बघणार आहेत.”

बुधवारी मी लवकर निघालो. दाढी केलेली, सदरा धुतलेला. कुत्री पुढं, तिच्या गळ्यात माझा बिल्ला. पहिला भोंगा वाटेतच झाला. फाटकाशी आलो तर बाभळीखाली ती पिंजऱ्याची गाडी उभी. फाटकापाशी कुत्री फार झाली अशी कुणीतरी तक्रार केली होती, म्हणून त्या दिवशी ती उशिरापर्यंत तिथंच थांबली होती. दोन माणसं, हातात लांब चिमटे. पिंजऱ्यात तीन-चार कुत्री होती आणि त्यातलं एकही भुंकत नव्हतं.

माझ्यापुढची रांग संपत आली होती. मी गुडघ्यावर बसलो. कुत्रीनं रोजच्या सवयीनं मान वर केली, सुतळी सोडायला सोपं जावं म्हणून. गाठ सुटली. मी बिल्ला मुठीत घेतला. एवढ्यात गाडीवाल्यांपैकी मोठा होता तो जवळ आला.

“ही तुमची हाय का?”

माणूस चांगला होता हो. हे सांगितलंच पाहिजे, नाहीतर दोष त्याच्यावर जाईल. त्यानं चिमटा खाली धरला होता. “तुमची आसंल तर सांगा,” तो म्हणाला, “सोडून देतो. पर उद्याच्याला बिल्ला बांधा.”

एक ‘हो’ पुरला असता. पण खिडकीतून टाइमकीपर मान बाहेर काढून बघत होते, कुत्रीच्या गळ्यातून काय काढलं म्हणून. मला यादी दिसली, साहेब दिसले, कारखान्याचा बिल्ला कुत्र्याला बांधल्याबद्दल हातात पडणारा कागद दिसला. आणि मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, “बिल्ला माझा आहे. पडला होता, तो उचलला. कुत्री कुणाची कोण जाणे.”

दुसरा भोंगा व्हायच्या आत माझा बिल्ला फळीवर लागला. मागं वळून बघितलं नाही. आवाज ऐकला. आवाज म्हणजे तिचा नाही, पिंजऱ्याच्या दाराचा.

दिवसभर मी कानस चालवली. एक भाग जरुरीपेक्षा एवढा घासला की तो भंगारात टाकावा लागला. सुटीला टाइमकीपरनी बिल्ला माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, “झालं तुझं काम. कायम.” मग बाभळीकडे बघत म्हणाले, “तुझीच होती ना रे?”

मी मान हलवली. ती कुठल्या दिशेनं हलवली ते मला आजही सांगता येत नाही.

गाडी जिथं जायची ती जागा विचारत विचारत मी गेलो. कुंपण होतं, आत कुणी झाडत होतं. तो म्हणाला, सकाळचा माल सकाळीच संपतो. माल, असंच म्हणाला.

इथवरचं मी आयुष्यात एक-दोघांना सांगितलं आहे. पुढचं कुणालाच नाही, बायकोलाही नाही.

घरी मावशी दारात भाकरीचा तुकडा घेऊन उभ्या होत्या. “ती कुटं हाय?”

“चुकली वाटतं कुठंतरी,” मी म्हणालो.

मावशींनी पदर खोचला. “चल मग, बघू.” आणि मी गेलो. त्या संध्याकाळी नदीपर्यंत. दुसऱ्या संध्याकाळी चिखलीच्या रस्त्यानं पार बांधाबांधानं. मावशी हाका मारत होत्या आणि मी त्यांच्याहून मोठ्यानं हाका मारत होतो. ‘ए!’ ‘ए!’ झुडपांत वाकून बघत होतो. मेलेली कुत्री शोधण्यात मी इतका रंगलो, की तिसऱ्या संध्याकाळी ओढ्यापलीकडे एक तांबूस शेपूट दिसली तर खरंच धावलो. वासरू होतं. मावशी थकून बांधावर बसल्या आणि त्यांचे पाय सुजलेले मला दिसले. तरी मी तोंड उघडलं नाही.

पुढच्या शनिवारी त्या चाकणच्या बाजाराहून परतल्या. कांद्याच्या रिकाम्या पाटीत एक पिल्लू होतं, एका डोळ्यानं आंधळं. पाटी माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर ठेवून त्या म्हणाल्या, “बाजारात ह्यो पाटीशी घोटाळत हुता. लोकं इचारत हुती, कुणाचा हाय, कुणाचा हाय. म्या सांगितलं, आमच्या फिटरचा हाय.” थोडं थांबून म्हणाल्या, “टाइमकीपरची बायकू भेटली हुती.”

एवढंच. मी त्यांच्याकडे बघू शकलो नाही, म्हणून पिल्लाकडे बघितलं. रविवारी डाव सोडून अर्ज दिला आणि पिल्लाचा खरा बिल्ला आणला. मावशींनी तो हातात घेऊन उजेडात फिरवून बघितला, जसा सोनार बघतो, आणि मगच मला बांधू दिला.

तेव्हापासून मला एक खोड लागली आहे आणि तिलाच लोक प्राणिप्रेम म्हणतात. कुठंही, कुणीही, कुठल्याही जनावराकडे बोट दाखवून ‘हे तुमचं का?’ असं विचारलं, की माझ्या तोंडून ‘हो’ निघून जातं. प्रश्न पुरा व्हायच्या आत. ती शेळी तशीच आली. मी वाटेत उभा होतो म्हणून खाटक नुसतं वैतागून म्हणाला होता, ‘ही काय तुमची आहे का? व्हा बाजूला.’ घारीच्या वेळी तर प्रश्न शेजारच्या माणसाला होता.

सत्कार करून मंडळी घरी पोचवायला आली तेव्हा जिन्याखाली कुणाचं तरी भिजलेलं मांजर बसलं होतं. सेक्रेटरी वैतागून म्हणाले, “काका, हे तुमचं का हो?”

बायकोनं माझ्याकडे पाहिलं, शालीकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला.