दोघींची जागा

भूत, आत्मा, कोणाच्या अंगात येणं... यातलं मी काहीही मानत नाही. आधीच सांगते, म्हणजे खाली कमेंटमध्ये मला कोणी शिकवायला नको. रनाळ्यात आमच्या घरातली कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. केलं, मग बी.एड., आणि आता नंदुरबारला एका शाळेत विज्ञान शिकवते. मुलांना सांगते, जे दिसत नाही, मोजता येत नाही, ते लगेच मानू नका. आज जे लिहितेय ते मला दिसलं नाही आणि मोजताही आलं नाही. तेच तर दुःख आहे.

मी पाळण्यात असताना आई तापाने गेली. तिचा एकच फोटो आहे, लग्नातला, आणि त्यात तिने पदर हनुवटीपर्यंत ओढलेला. धानोऱ्याला तिच्या माहेरीसुद्धा दुसरा फोटो निघाला नाही. आपली आई दिसायला कशी होती हे मला माहीत नाही. ज्यांना माहीत आहे, त्यांना या वाक्याचं वजन कळणार नाही.

मला वाढवलं फुईने. फुई म्हणजे आत्या, वडिलांची बहीण. बाई गेली की तिचे कपडे वाटून टाकायची आमच्याकडे रीत. पण फुईने सगळ्यांशी भांडून आईची पेटी ठेवून घेतली. मला नोकरी लागली तेव्हा ती समोर आणून ठेवली.

"ले, तुन्ही मायनं शे. वापर, नई ते कसर खाई जाई."

पेटीत सुरतेच्या आर्टसिल्कच्या साड्या, फुग्याच्या बाह्यांची पोलकी, सॅटिनच्या रिबिनी, कुंकवाखाली लावायच्या मेणाची डबी. पोलकं एक टाका न उसवता मला बसलं. तेव्हापासून मी रोज तशीच राहायला लागले. फुग्याच्या बाह्या, मेणावर कुंकू, घरी धरलेलं काजळ, सैल वेणी, काचेच्या बांगड्या. रील बनवायला नाही हो. मोबाइलवर कितीतरी जणी 'विंटेज लुक' करतात, करू देत. मला फक्त तिच्या कपड्यांत असणं कसं वाटतं ते बघायचं होतं.

स्टाफरूममध्ये टोमणे ठरलेले. "मॅडम, आज कुठल्या सालातून आलात? तिकडे पेट्रोल स्वस्त असेल, येताना भरून आणायचं ना!"

"तिकडची माणसं कमी बोलतात सर, म्हणून जाते," मी म्हणायची.

पहिल्यांदा घडलं ते एसटीत. भाजीची पाटी घेऊन बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईने मला बघून पाटी पायाशी ओढली आणि सीटवर गरजेपेक्षा जास्तच सरकली.

"बस वो माय. तुन्ही बहीनले बी बसू दे, उभी शे बिचारी."

मी मागे बघितलं. मागे कोणी नव्हतं.

मग वर्गातल्या मुली. "मॅडम, प्रॅक्टिकलला तुमची लहान बहीण आली होती ना? मागे भिंतीशी उभी होती. सेम साडी! काही बोललीच नाही."

मला बहीण नाही. आणि लहान...? आई गेली तेव्हा विशी-बाविशीची होती. मी तिशीही ओलांडली. मी तिच्या पुढे निघून आलेय, हे लक्षात आलं तेव्हा हातातली परीक्षानळी खाली ठेवावी लागली.

विज्ञानाची बाई आहे, तपासून बघितलंच. ड्रेस घालून गेले, कोणाला काही दिसलं नाही. नवी साडी नेसले, तरी नाही. आईची नेसली की मात्र कोणीतरी सोबतच्या बाईबद्दल विचारायचंच. मी मोबाइलचा कॅमेरा लावला, दुकानांच्या काचांत बघितलं, चालता चालता झटकन वळून बघितलं. मीच होते, एकटी. सगळ्या गावाला दिसते आणि मला नाही — याचा राग कोणावर काढायचा?

आईच्या साडीत मला बघवत नाही म्हणून फुई एरवी मान खालीच ठेवायची. शेवटी एका सकाळी तशीच तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. ती सुपात शेंगा निवडत होती. तिने मान वर केली आणि तिची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली. सूप कलंडलं.

"वैनी..."

"फुई, कशी दिसते? नाक कसं आहे, डोळे कसे आहेत, सांग ना!"

"हाशी ऱ्हायनी," फुई रडत म्हणाली. "तुन्हाकडे देखी हाशी ऱ्हायनी."

मी वळले. भिंत, खुंटी, खुंटीवर वडिलांची टोपी.

नंतर कितीही खोदून विचारलं तरी फुईला चेहरा सांगता आला नाही. "हाशी ऱ्हायंती." हसत होती, एवढंच.

साड्या घडीवर विरलेल्या होत्या. नेसली की कुठेतरी चिरायची. रफू केलं, आतून अस्तर लावलं, तरी एकेक करून संपत चालल्या. पेटीत ठेवल्या तर ती येत नाही आणि नेसल्या तर साड्या राहत नाहीत. फुई म्हणायची, "आते एक ते ठेवी दे, पोरी." नाही ठेवली. मला तिला एकदाच बघायचं होतं.

शेवटी हिरवी उरली. ती आखाजीसाठी, म्हणजे अक्षय्य तृतीयेसाठी राखली. आमच्याकडे आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, आणि त्याच दिवशी गेलेल्यांच्या नावाने पाण्याची घागर भरतात. लेकीही घरी येतात आणि गेलेलेही. दिसायची असेल तर याच दिवसांत दिसेल, असं मी मनाशी धरलं. हो, मीच, फिजिक्सवाली.

आदल्या दुपारी हिरवी नेसून बाजारात मण्यार चाचांकडे बांगड्या भरायला गेले. चाचा नुसता हात दाबून माप सांगतात. माझ्या हातांत त्यांनी हिरव्या चढवल्या, वर आशीर्वादाची एक. मग माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे हात केला.

"तू बी हात दे, बेटी. लाजी काय ऱ्हायनी?"

कोणाची तरी बोटं जुळवून दाबावीत तशी चाचांची मूठ हवेत वळली. "हिना हात लहान शे. तुन्हापेक्षा कोवळा." त्यांनी लहान मापाच्या बांगड्या काढून गादीवर ठेवल्या.

मी डोळे मिटले. देवाला हात जोडणारी मी नाही, तरी कोणाला तरी म्हटलं, उघडल्यावर दिसू दे. कानाशी काच किणकिणली. थांबली. पुन्हा किणकिणली...

डोळे उघडले. चाचांचे हात रिकामे. काढून ठेवलेल्या लहान मापाच्या बांगड्या गादीवर नाहीत, त्यांच्या मांडीवर नाहीत, खाली पडलेल्या नाहीत. शेजारी कोणी नाही. मी आंधळ्यासारखा हात पुढे केला, दिसत नाही तर निदान हाताला लागेल म्हणून! आणि साडी खांद्यापासून टरकन फाटली. घडीच्या रेषेवर, थेट निऱ्यांपर्यंत.

चाचा इकडेतिकडे बघायला लागले. "कोठे गयी ती? नमस्कार करा बिगर गयी?"

बांगड्या भरणाऱ्याला नमस्कार केल्याशिवाय आमच्याकडे बाई उठत नाही.

"चाचा, चेहरा कसा होता तिचा?"

"तोंड कोठे देखं मी, बेटी? पदर वढेल व्हता. मी ते बायासना हातच देखस."

दुसऱ्या दिवशी वडिलांनी घागर भरली. मी फाटकी साडी पिनांनी जोडून नेसले आणि घागरीशेजारी बसले. फुईने माझ्याकडे बघितलं, माझ्या मागे बघितलं, आणि नुसती मान हलवली. नाही.

पुढे सुरतेहून तसल्याच छापाची साडी आणली, तसलंच पोलकं शिवून घेतलं. काही उपयोग झाला नाही.

त्या बांगड्या कुठे गेल्या, मला सांगता येत नाही. भास म्हणाल, तर एसटीतली बाई, वर्गातल्या मुली, फुई, चाचा — या सगळ्यांना एकच भास कसा झाला? आणि भासच होता, तर मग मला एकटीलाच का झाला नाही? मला तर तो हवा होता... तुमच्यापैकी कोणाला उत्तर माहीत असेल तर सांगा. मला तरी अजून सापडलेलं नाही.

मी अजूनही फुग्याच्या बाह्या घालते, मेणावर कुंकू लावते. रोज सकाळी एसटीत चढते. सीटवरच्या बाया सरकून जागा करतात. एकीपुरती.