दम धरलेली छाती

जानेवारीतला मंगळवार, दुपार. जागा: चौक गावाजवळची दगड कापायची शेड, मालकांची केबिन. हजर: मालक, ज्यांना सगळे शेठ म्हणतात; मुकादम दाऊदचाचा; दहिवलीहून येणारा, कटर मशीन चालवणारा गणेश; आणि धुळीचा अभ्यास करणारी मी. लॅपटॉप माझा.

लॅपटॉपवर गणेशची छाती उघडी होती. म्हणजे तिचं मॉडेल. कर्जतला काढलेल्या सीटी स्कॅनवरून श्वासनलिका आणि तिच्या फांद्या कॉम्प्युटरवर उभ्या करायच्या. माणूस काम करताना श्वास कसा घेतो, हे मास्कच्या लांब नळीतल्या सेन्सरने नोंदवायचं. मग त्या फांद्यांतून तशीच हवा खेळवायची, तिच्यात धूळ सोडायची आणि कुठला कण कुठे बसतो ते पाहायचं. गणेशच्या स्कॅनमध्ये दगडाच्या धुळीने होणाऱ्या आजाराचे बारीक ठिपके दिसू लागले होते. ते वाढू द्यायचे नव्हते.

अडचण अशी, की माझं उत्तर मलाच पटत नव्हतं. बरीचशी धूळ वरच अडकायला हवी होती किंवा श्वासाबरोबर परत यायला हवी होती. ती तळाशी जाऊन बसत होती. कणांचा आकार तपासला, मॉडेल पुन्हा चालवलं. तेच. शेवटी श्वासाच्या आलेखात मधूनमधून सपाट रेघ सापडली. हवा आत नाही, बाहेरही नाही.

"सेन्सर अडकत असणार," मी म्हटलं. "पुन्हा मोजावं लागेल."

"मोजा की. फक्त काम बंद नका पाडू," शेठ म्हणाले.

"तो मास्क लावला का ह्यो गणपतीच दिसतो," चाचा हसले.

"तुमी लावून बघा चाचा. तुमचं नाक तर आधीच—"

बाहेरून कोणीतरी ओरडलं, "दम!"

गणेशचं वाक्य तिथेच तुटलं. तिघांनी छाती भरून घेतली आणि थांबले. बाहेर कॉम्प्रेसरची हवा फुसफुसत होती. केबिनचं दार बंद होतं, तरी आत तीन माणसं डोळे उघडे ठेवून बसलेली. खांदे हलत नव्हते.

"काय झालं?" मी विचारलं. कोणी माझ्याकडे वळून पाहिलंसुद्धा नाही.

हवा बंद झाली. तिघांनी एकदमच श्वास सोडला.

"—सोंडंएवढं हाय," गणेशने वाक्य पुरं केलं.

"हे काय होतं?"

"पातं थांबलं का लादीवरची भुकटी हवेने उडवतात, मॅडम. तवा दम धरायचा. मीच शिकवलंय समद्यांना, शेठ कटरवर होते तवापासून," चाचा म्हणाले. "धूळ आत जाऊच द्यायची नाय. माझ्याएवढा दम हितं कोणाचा नाय."

मी मॉडेल त्या सपाट रेघेपाशी नेलं. हवा निळ्या रेषांनी दाखवतात, धूळ लाल ठिपक्यांनी. आधी मोठा श्वास. शेडच्या हवेत तरंगत असलेली धूळ त्याबरोबर पार तळापर्यंत गेली. मग निळ्या रेषा विझल्या. ठिपके मात्र थांबले नाहीत. बंद खोलीत धूळ बसते तसे सावकाश खाली येत राहिले. दम्याच्या पंपाचं औषध आत बसावं म्हणून डॉक्टर दम धरायला सांगतात, ते याचसाठी.

"ही माझी छाती?" गणेशने विचारलं.

"हो."

तो बघत राहिला. बाहेर कोणी ओरडलं नव्हतं, तरी त्याचे खांदे हलत नव्हते.

"गणेश, श्वास घे."

चाचा उठून बाहेर गेले.

त्यानंतर शेठनी पात्यांवर पाण्याची धार बसवली, धूळ ओढणारे पंखे लावले, कॉम्प्रेसर काढून टाकला. गणेश आता माल पोचवणाऱ्या टेंपोवर आहे. परवा मी शेडमध्ये गेले होते. "दम" कोणी म्हणत नाही. पण पाती थांबली, की सगळी शेड अजूनही क्षणभर श्वास घ्यायची थांबते. विचारलं तर म्हणतात, नाय मॅडम, कुठं काय?

आकडा विचित्र आला, की सेन्सरला दोष देण्याआधी काम चालू असताना तिथे जाऊन उभं राहायचं, एवढं मी शिकले.

बाकी राहिलेलं काम: दाऊदचाचांचा स्कॅन. दोनदा वेळ घेतली, दोन्ही वेळा आले नाहीत. आता भिसेगावला त्यांच्या घरी मलाच जायला हवं.