आषाढात चिपळूण, आणि मुंबईला गेलेले आमचे सेट

"आषाढात कोकणात कशाला मरायला जातेस?" आई दारातून विचारत होती आणि मी गाडीच्या डिकीत दोन पिवळे सेट ठेवत होते. तिचं काही चुकत नव्हतं. शहाणी माणसं कोकणात एक तर आंब्याला जातात, नाही तर गणपतीला. पण माझा धंदाच उफराटा आहे. आमची पुण्यातली छोटीशी कंपनी बचाव पथकांसाठी यंत्रं बनवते, त्यामुळे जिथून लोक पळतात तिथे आम्हाला जावं लागतं.

या यंत्राबद्दल थोडक्यात सांगते, नाही तर पुढचं कळायचं नाही. पूर आला की सगळ्यात आधी वीज जाते आणि तिच्या पाठोपाठ मोबाइलचा टॉवर. आमचा सेट टॉवरशिवाय चालतो. बटण दाबून बोलायचं, जवळपासच्या दुसऱ्या सेटवर ऐकू जातं. त्याचा डबा मी केलेला आहे. आत पाणी शिरू नये म्हणून मी तो बादलीत, टाकीत आणि शेवटी मुळा-मुठेतही बुडवून पाहिलाय. नवरा म्हणतो, स्वतःच्या लग्नाच्या शालूची एवढी काळजी घेतली नव्हतीस.

पुण्याहून पहाटे निघा. साताऱ्यापुढे उंब्रजला हायवे सोडायचा, मग पाटण, कोयनानगर आणि कुंभार्ली घाट. पाटणपर्यंत रस्ता बरा आहे. पुढे खड्डे असे की चहा गाडीत प्यायचा विचारही करू नका. कोयनानगरला कणसं भाजणारे बसतात. मीठ-लिंबू सढळ हाताने लावतात आणि घाट उतरायच्या आधी अंगात जरा ऊब येते. घाटात धुकं इतकं होतं की समोरच्या एसटीच्या लाल दिव्यामागे मी निमूटपणे घाट उतरले. अंधार पडल्यावर या घाटात शिरू नका, एवढं माझं ऐका. खाली पोफळी, अलोरे, शिरगाव करत दुपारी चिपळूणला पोचले. स्टँडजवळ बाराशे रुपयांत खोली मिळाली, गरम पाणी फक्त सकाळी. मासेमारी बंद असल्याने ताटात ताजं काही नव्हतं. सुक्या बोंबलाचं कालवण मात्र असं होतं की मी भात दोनदा मागून घेतला.

लॉजच्या जिन्यात पुराची रेघ अजून तशीच आहे, माझ्या डोक्याच्याही वर. मालक म्हणाले, "रंग काढतो दरवेळी, पण ती रेघ मुद्दाम ठेवतो. माणूस विसरतो."

दुसऱ्या दिवशी गावात गेले. नाव लिहीत नाही, कारण तिथे तुम्ही रील करायला जावं अशी माझी इच्छा नाही. चिपळूणपासून तासाभरावर डोंगराच्या उतारावर गाव आहे. वर देऊळ, खाली नदीकाठी खालची वाडी. देवळाच्या पायरीवरून नदीचं वळण दिसतं. पाणी चढायला लागलं की ते तिथून आधी कळतं, पण खालच्या वाडीला सांगणार कसं? फोन तोवर बंद पडलेला असतो. मग कोणीतरी पाखाडीवरून, म्हणजे जांभ्याच्या निसरड्या पायऱ्यांवरून, धावत खाली जायचं. हे धावणं वाचवावं, एवढ्यासाठी आमचा सगळा खटाटोप होता.

शिमग्याला मी याच गावात आले होते. तेव्हा गाव नुसतं फुललं होतं. मुंबईला कामाला असलेली पोरं झाडून घरी आलेली, पालखी घरोघर फिरत होती. सगळे एकदम कधी भेटणार, म्हणून प्रशिक्षण शिमग्यातच ठेवू असं गावाने सुचवलं आणि आम्हीही माना डोलावल्या. पोरांनी काय काम केलं म्हणून सांगू! एक जण नदीवर, एक देवळात, एक पुलावर. अर्ध्या दिवसात अशी तयार झाली की मी आमच्या कंपनीच्या साहेबांना फोन करून मिरवून घेतलं. पथकाचा म्होरक्या मंगेश, विरारला राहतो आणि लिफ्टच्या दुरुस्तीचं काम करतो. पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या मानाच्या चौथऱ्यावर, बसली होती, तिच्यापुढे डझनभर सेट मांडून तात्या गुरवांनी गाऱ्हाणं घातलं, "पाण्यापावसात ह्या यंत्रान् लेकराबाळांची राखण करावी, महाराजा." सगळं गाव म्हणालं, "व्हय महाराजा." माझ्याही तोंडून निघालं.

आता पावसातली चाचणी होती. ती झाली की सेट गावाला कायमचे मिळणार होते.

तात्या देवळातच भेटले. सत्तरी ओलांडलेले, अंगावर इरल्याऐवजी खताच्या पिशवीची खोळ. मी विचारलं, "पथक कुठंय?"

"मुंबयला," तात्या म्हणाले.

"सगळं?"

"शिमगा सरला, पोरां गेली. आता गणपतीला येतील."

"आणि सेट?"

तात्यांनी माझ्याकडे जरा नवलाने पाहिलं. "ते बी गेले. ज्येच्या त्येच्या नावावर हायत ना."

हसावं की रडावं ते कळेना. सेट देताना आम्हीच प्रत्येकाची सही घेतली होती आणि दहादा बजावलं होतं, सेटची जबाबदारी तुमची. पोरं जबाबदार निघाली. भातलावणीला दोघं-तिघं चार दिवस येऊन गेले, तेही सेट मुंबईलाच ठेवून, उगाच भिजायला नकोत म्हणून.

टॉवर चालू होता, म्हणून मंगेशला फोन लावला.

"मॅडम, सेट एकदम ओके," तो उत्साहाने म्हणाला. "दर रविवारी चार्जिंगला लावतो. कपाटात टॉवेलात गुंडाळून ठेवलाय."

"अरे, पण तो गावात हवा ना?"

"गावात कोणाकडे ठेवू? आई एकटी. दमट हवेत बिघडला तर तुम्हाला काय तोंड दाखवू?"

मुठेत बुडवलेला माझा डबा आठवला. तो भिजला तरी चालतो हे मी शिमग्याला सांगितलं होतं. पण पाच ठिकाणी चौकशी करून वस्तू विकत घेणाऱ्या आणि जन्मभर जपणाऱ्या माणसांना एखादी वस्तू भिजण्यासाठीच केलेली असते, हे पटणार कसं? त्याला रागावायला मला तोंड नव्हतं.

मंगेशच्या आईला भेटायला खाली उतरले. सुलोचनाकाकू, नदीकाठचं शेवटचं घर. एक गाय, एक वासरू आणि अंगणात तुळस. शेजारच्या चार घरांना कुलपं. पलीकडची खाचरं पडीक, त्यांत गवत माजलेलं. शिमग्याला याच अंगणात उभं राहायला जागा नव्हती. मला एकदम उदास वाटलं आणि ते बराच वेळ गेलं नाही.

डिकीत माझे दोन सेट होते. एक तात्यांना देऊन देवळात बसवलं, दुसरा काकूंच्या हातात दिला. काकूंनी बटण दाबलं ते सोडेनातच. बोलून झाल्यावर बोट उचलल्याशिवाय समोरच्याचं ऐकू येत नाही, हे मी परत परत सांगत होते.

"सोडला तर कट होल ना?" काकू म्हणाल्या.

"नाही होत काकू. सोडा आणि ऐका."

भीत भीत त्यांनी बोट उचललं. वरून तात्यांचा आवाज आला, "सुलोचना, पाणी वळणाच्या खाली हाय, निवांत रव." काकू चमकल्या, मग खुदकन हसल्या. पुढे त्यांनी तात्यांना वासराच्या पोटदुखीची सगळी हकिगत ऐकवली, बटण न सोडता. तरीही तासाभरात त्यांना जमायला लागलं. मग त्यांनी मला विचारलं, "ह्येच्यावरना मंगेशशी बोलता येल?"

"नाही काकू. गावातल्या गावातच."

"मंग रोज काय बोलू मी तात्याशी?" त्यांनी सेट पाटावर ठेवला आणि भाकऱ्या करायला उठल्या.

तांदळाची भाकरी, टाकळ्याची भाजी आणि कुळथाची पिठी. असं जेवण चिपळूणच्या कुठल्याही हॉटेलात पैसे मोजून मिळायचं नाही. जेवताना मी ठरवत होते, हे दोन सेट इथेच ठेवावेत. साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "उद्या राजापूरला प्रात्यक्षिक आहे, तिथे काय रिकामे हात दाखवणार? घेऊन ये. सोमवारी दोन सेट कुरिअर करू." बोलणं वावगं नव्हतं. पाऊसही उघडला होता. काकूंनी सेट पदराने पुसून माझ्या हातात दिला, सोबत फणसपोळीची पुडी. "तुजा हाय, तू ने गो बाय," म्हणाल्या. मी नेला.

चिपळूण ते राजापूर हायवेचं काम अजून चालूच आहे. कधी सुळकन रस्ता, कधी नुसता चिखल. हातखंब्याला मिसळ खाल्ली, ठीकठाक होती. राजापूरचं प्रात्यक्षिक सरकारी सभागृहात, कोरड्या ठाक जागेत, पंख्याखाली झालं. सभागृहातून व्हरांड्यात बोलून दाखवलं. टाळ्या पडल्या, फोटो निघाले, काजूची पाकिटं मिळाली. पुरात बचावाच्या बोटीवर जाणारं कोणीच त्यात नव्हतं. परतताना अणुस्कुरा घाट घेतला. घाट चढताना डावीकडे इतके धबधबे होते की एरवी मी दहा वेळा थांबले असते. तुम्ही थांबा. मी गाडी थेट कोल्हापूरपर्यंत दामटली.

सोमवारी पार्सल बांधलं. मंजुरीची सही यायची होती, म्हणून ते माझ्या टेबलावर राहिलं. त्याच आठवड्यात चिपळूणकडे पाऊस कोसळायला लागला. एका सकाळी मी जेवणाचा डबा भरत होते आणि मंगेशचा फोन आला.

"मॅडम, कालपासून आईचा फोन लागत नाय. माझा सेट चालू केलाय. फुल चार्ज हाय. तुमच्याकडचा चालू करा ना. दोघांचे मिळून लागेल का?"

विरारहून पुण्याला, पुण्याहून खालच्या वाडीला. नाही लागत, हे त्यालाही ठाऊक होतं, शिमग्याला पथकात सगळ्यात आधी त्यालाच कळलं होतं. तरी मी पार्सल फाडलं आणि सेट चालू केला. खरखर सुद्धा आली नाही. "नाही रे लागत," मी म्हणाले. तो म्हणाला, "बरोबर हाय मॅडम," आणि फोन ठेवला.

टॉवर सुरू झाला तेव्हा कळलं, काकू सुखरूप होत्या. पाणी तुळशीला लागलं होतं, पण त्याआधीच त्या गाय-वासरू घेऊन वर देवळात गेल्या होत्या. त्यांना सांगायला तात्या पाखाडी उतरले होते, सत्तरी ओलांडलेलं शरीर घेऊन, भर पावसात. परत चढताना घसरले. खुब्याचं हाड मोडलं.

आमचे दोन्ही सेट तेव्हा माझ्या टेबलावर होते. कोणी मला दोष दिला नाही, तात्यांनी तर मुळीच नाही. दवाखान्यातून त्यांनी माझ्या आईच्या तब्येतीची चौकशी केली. पण सही-शिक्क्याविना ते दोन सेट देवळात आणि अंगणात राहिले असते तर एका म्हाताऱ्या माणसाला उतरावं लागलं नसतं. याचं मला वाईट वाटतं आणि वाटत राहील. कोकणात जायचं तर जरूर आषाढात जा. शिमग्याला, गणपतीला जे गाव दिसतं ते पाहुणं असतं. आम्ही आमचं यंत्र त्या पाहुण्या गावासाठी केलं.

मंगेशने पुढाकार घेतला. मुंबईहून चिपळूणला जाणाऱ्या खासगी बसच्या ड्रायव्हरकडे पोरांनी सगळे सेट परत पाठवले, माझं पार्सलही गेलं. परवा काकूंचा फोन आला. आवाज खणखणीत होता.

"सगळे सेट आले गो बाय. फळीवर रांगेत मांडलेत, चार्ज बी केलेत," त्या म्हणाल्या. "तात्या खाटेवर, मी एकटी. आता ते धरायला माणसां पाठव."