रिठ्याच्या पाण्यातले खडे

चांदीटेकडीच्या खाणीतली चांदी सरली आणि कंपनी निघून गेली. आत उरली ती शिशाची काळी चमक, मुगाच्या रंगाचे टोकदार खडे, आणि देवराव. छत बसलं तेव्हा तो आत होता. त्याला काढण्यापेक्षा खाण बंद करणं कंपनीला सोपं वाटलं. त्याची बायको रंभाबाई टेकडीखालीच राहिली.

नऊ वर्षांनी, एकतीस साली, नागपूरच्या महाल भागातून खड्यांचे व्यापारी वामनराव आले. साहेब लोकांच्या दिवाणखान्यात ते हिरवे खडे खपत. आणि रंभाबाईसारखे खडे धुणारं पंचक्रोशीत कोणी नव्हतं. रिठ्याचं पाणी, शिंदीचा कुंचा. एक टोक मोडायचं नाही.

"मजुरी काय घेशील वं?"

"मजुरी नको जी. माह्या मालकापर्यंत खोदा. हाडं भेटली का जाळून टाकतो."

"खडे जातीन तिथवर खोदू."

तिनं मान हलवली. दोन महिने धूत राहिली.

एका दुपारी गाळातून कुदळ निघाली. दांड्यावर देवरावनं कोरलेली चांदणी.

"आता दोनच हात, जी!"

"पण खडे संपले ना, रंभाबाई. उद्यापासून काम बंद."

त्या संध्याकाळी तिनं धुतलेले अकरा खडे पदरात बांधून आत नेले, भिंतीत खोचले, वरून चिखल लिंपला.

सकाळी मजूर ओरडले, "लागले जी, खडे लागले!"

वामनरावांनी एक उपटला. अंगठ्यानं चिखल पुसला. आतल्या सांदीकोपऱ्यात मातीचा कण नाही. नाकाला लावला. रिठा.

"काहून वं, नऊ वर्षं गाळात पडलेला खडा असा न्हाऊन-धुऊन बसते काय?"

मजूर खो खो हसले.

"दोनच हात राहिले जी..."

"घाणेरडे खोचले असते तं फसलो असतो मी. पण तुले सवय ना, चकचकीत कराची!"

उरलासुरला खडाही दुसऱ्या कोणाला मिळू नये म्हणून त्यांनी सुरुंग लावून तोंड बुजवलं. धूळ बसल्यावर अकरा खडे तिच्यापुढे ओतले.

"चिखल लावला तूनं, तूच धू. मग कुदळीचा दांडा ने. हाडं नाही तं तोच जाळ."

तिनं धुतले. एक टोक मोडलं नाही.

दांडा नऊ वर्षं पाण्यात मुरलेला. पेटला नाही.