भूल उतरेपर्यंत पाणी नाही

धाकट्या भावाच्या कोपराचं ऑपरेशन लातूरला झालं. त्या दिवशी सकाळपासून तो पाणी मागत होता आणि माय देत नव्हती. सिस्टरनं बजावलं होतं, भूल द्यायची आहे, पोटात घोटभरही जायला नको. पाणी मागणाऱ्याला नाही म्हणायची वेळ मायवर पहिल्यांदाच आली असावी. आमच्या घरात ते चालतच नसे. आजोबांनी धर्म बदलला तेव्हा देव्हाऱ्यातले देव नदीत सोडले. उपास, नवस, अंगारे, सगळं त्यांच्याबरोबर गेलं. दारात कोणीही येवो, आधी पाण्याचा तांब्या पुढे करायचा, एवढी एकच गोष्ट राहिली. पाण्याला नाही म्हणणं काय असतं, हे आमची वस्ती दुसऱ्यांच्या विहिरींवर ताटकळत शिकली होती.

मी तेव्हा नांदेडला कॉलेजात होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. अहमदपूरकडून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरनं निरोप आणला, की भावाचा हात मोडला आहे, लातूरला ये. लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. गावातली म्हातारी माणसं अजून मोठ्या कामाला उस्मानाबादलाच जातो म्हणायची. दवाखान्याच्या पाटीवरचा नवा रंग अजून चकाकत होता. आवारातल्या लिंबाखाली मात्र घागरी घेतलेल्या बायका नळाकडं बघत बसलेल्या होत्या. नळाला पाणी कधी येईल ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

भावाचा हात टँकरवरच्या गर्दीत मोडला होता. तो चार वर्षांचा. कोणाच्या तरी पायाखाली आला.

आणि टँकर सुरू व्हायच्या आधी, त्याच उन्हाळ्यात, माझी बहीण विहिरीत गेली होती. गेली म्हणजे तिनं उडी घेतली नव्हती. विहिरीच्या तळाला झरा राहिला होता, तिथं उतरून पोरी वाटीवाटीनं घागर भरायच्या. दरड सुटली. मायनंच तिला पाण्याला धाडलं होतं, आणि बरोबर भावाला दिलं होतं, म्हणजे घरी त्याची किरकिर नको. तो काठावर बसून होता. त्यानं काय पाहिलं हे आम्ही त्याला कधी विचारलं नाही. तोही बोलला नाही.

ऑपरेशन नीट झालं. त्याला वॉर्डात आणून ठेवलं तेव्हा तो झोपलेलाच होता. मग एकदम डोळे उघडले. मला वाटलं, जागा झाला. मी नाव घेऊन हाक मारली. त्यानं माझ्याकडं पाहिलं, पण ओळखीचं काही त्या डोळ्यांत नव्हतं. माय पुढे झाली तशी तो किंचाळायला लागला. लाथा झाडायला लागला. मायनं कवळ्यात घेतलं तर तिच्याच दंडाला चावला. पट्टी बांधलेला हात खाटेच्या दांडीवर आपटायला लागला. वडील खडी फोडायच्या कामावर होते, त्यामुळं आम्ही तिघंच होतो: मी, माय आणि आत्या. आत्यानं त्याचे पाय धरले, मी खांदे.

आत्यानं जे केलं ते आमच्याकडं कोणीही केलं असतं. माणूस स्वतःचा राहिला नाही असं दिसलं की विचारायचं. देव सोडले होते, पण विचारायची सवय सुटली नव्हती. तिनं वाकून त्याला दरडावलं, "कोण हाइस तू? बोल! काय पायजे तुला?"

तो छताकडं बघत म्हणाला, "काढा ना वर. अंधार हाय. पाणी द्या."

आत्याच्या हातातून त्याचे पाय सुटले. मायनं खाटेखालचा तांब्या उचलला.

"माय, नको," मी म्हणालो.

"सोड मला."

"सिस्टर म्हणाली ना, भूल उतरेपर्यंत पाणी द्यायचं न्हाई. ठसका लागंल त्याला."

"त्याला कोण देऊन राहिलं? ती मागती हाय, बाबा. म्या धाडलं तिला पाण्याला. आता तिलाच न्हाई म्हणू?"

मी तिचं मनगट धरलं होतं. इतक्या जोरात मी तिला कधी धरलं नव्हतं.

"ती न्हाई माय. त्यालाच तहान लागलीय."

"तुला काय ठावं?"

आत्या म्हणाली, "त्वांड ओलं करू दे की निस्तं. लई शिकलास म्हणून जित्याला अन् मेल्याला पाणी द्यायचं न्हाई असं शिकवून राहिले का कालिजात?"

मला खरंच ठाऊक नव्हतं. कॉलेजात आम्ही बेडकाला क्लोरोफॉर्म द्यायचो. आमचे बेडूक शुद्धीवर कधी येत नसत. त्यामुळं शुद्धीवर येताना काय होतं, हे मला कोणी शिकवलेलं नव्हतं. भाऊ जे बोलला ते ऐकून माझ्याही अंगावर काटा होता. मी मनगट सोडलं नाही, एवढंच.

भावानं लाथ मारली. तांब्या उडाला आणि फरशीवरून पाण्याचा ओघळ पार दारापर्यंत गेला. इतका वेळ अख्खा वॉर्ड पोराकडं बघत होता, तो आता पाण्याकडं बघायला लागला. पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा म्हणाला, "आरं, तेवढं आमच्या गावाकडं वळवा की!" कोणीतरी हसलं. आत्या खाली बसली, लुगड्याच्या पदरानं पाणी टिपून बादलीत पिळायला लागली. रडत होती आणि पिळत होती.

आवाज ऐकून सिस्टर धावत आली. तिनं पोराला एका कुशीवर केलं आणि आम्हाला रागावली. "कशाला दाबून धरता त्याला? हात तेवढा सांभाळा, बाकी लोळू द्या. भूल उतरून राहिली त्याची. लहान लेकरं करतात असं. डोळे उघडे असतात, पण जागं नसतं. काही विचारू नका, बोलू नका."

मी त्याचा पट्टीचा हात तेवढा धरून बसलो. ओरडणं कण्हण्यावर आलं, मग तो झोपला. माय त्याच्या उघड्या तोंडाकडं बघत होती. तिच्या दंडावर दातांचे वळ उठले होते.

उन्हं कलली तेव्हा तो पुन्हा उठला. या वेळी त्याचा तोच होता. मला म्हणाला, "दादा, नांदेडाहून पाव आणला का?" मायला बघून ओठ काढला. "माय, पाणी." सिस्टरनं चमच्यानं द्यायला सांगितलं. किंचाळलेलं, चावलेलं, अंधार, वर काढा म्हणालेलं, काहीच त्याच्या लक्षात नव्हतं. मायच्या दंडावर बोट ठेवून त्यानं विचारलं, "हे कुणी केलं?"

मला इतकं हलकं वाटलं की मी बाहेर जाऊन डॉक्टरांना गाठलं. ते घाईत होते, तरी उभे राहिले. सिस्टर म्हणाली तेच त्यांनी सांगितलं: मेंदू एकदम जागा होत नाही, लहान पोरांत हे बरेचदा दिसतं, थोड्या वेळानं आपोआप जातं. मी परत येऊन मायला ते सगळं समजावलं. घरच्या माणसांना मी काही समजावून सांगावं, असं तोवर कधी घडलं नव्हतं. मी बराच वेळ बोललो. उघड्या डोळ्यांनीही माणूस झोपेत असू शकतो, म्हणालो. तहानेचं पोर पाणीच मागणार, म्हणालो. त्या वर्षी आपल्या भागात कोणालाही, काय पायजे, असं विचारलं असतं तर त्यानं दुसरं काय मागितलं असतं?

अंधाराचं काय, वर काढा म्हणाला त्याचं काय, ते मी बोललो नाही. तिनंही विचारलं नाही. चमचा तांब्यात बुडवायची, भावाच्या ओठाला लावायची, पुन्हा बुडवायची.

"म्हंजे ती नव्हतीच," ती म्हणाली.

"नव्हती, माय."

"हाव."

भावानं आणखी मागितलं. तिनं दिलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "असती तर बरं झालं असतं, बाबा. एकडाव पाणी दिलं असतं तिला."