सरांची रिकामी चौकट

ज्याला चौकट नाही ते मुळी अस्तित्वातच नाही, असं मानणारा माणूस अख्ख्या वसई तालुक्यात एकच, आणि तो नेमका माझा चित्रकलेचा शिक्षक निघाला. समास वाकडा म्हणून सरांनी माझ्या चांगल्या रंगवलेल्या केळीच्या घडाचे दोन गुण कापले होते. "आधी समास, मग रामायण!" निवृत्तीनंतर उमेळे गावातल्या आपल्या वाडीत त्यांनी केळी सुतळी धरून लावल्या. एक पपई आपली आपण ओळीबाहेर उगवली, तर तिच्याभोवती चार विटा मांडून तिला रीतसर चौकटीत घेतलं. जेवायला खणांचंच ताट लागायचं. आमटी भाताकडे झुकलेली दिसली की त्यांचा घास अडायचा.

असा माणूस गावाची वेबसाइट करायला बसल्यावर काय करणार? त्यांनी सगळं पान तक्त्यांत बसवलं. तक्त्यात तक्ता, त्याच्या पोटात आणखी तक्ता. लग्नं, चर्चमधल्या मिस्सांच्या वेळा, अंत्यविधी, सगळं आपापल्या खणात, हाताची घडी तोंडावर बोट. मी बोळिंजला राहतो आणि वेबसाइट करण्यावरच पोट भरतो, त्यामुळे मला ते बघवायचं नाही. "सर, हे तक्ते कधीच मागे पडले. आता फ्लेक्सबॉक्स आहे, ग्रिड आहे. पडदा असेल तसा मजकूर आपली जागा घेतो." सर चष्म्यावरून बघत म्हणाले, "मुलं आपापली जागा घ्यायला लागली की त्याला वर्ग नाही म्हणत, बाजार म्हणतात." अशी वर्षं गेली. मी त्यांना हट्टी म्हातारा म्हणून सोडून दिलं.

मग पाचूबंदरचे नाखवा, सरांचे लहानपणापासूनचे मित्र, एका दफनाला मुकले. दोघांच्याही वर्गातला सोबती गेला होता. नाखवांच्या फोनवर नाव दिसलं, चर्च दिसलं, आणि वेळेचा खण पडद्याच्या उजवीकडे बाहेर राहिला. दफन सकाळी दहाला होतं. नेहमीची वेळ धरून नाखवा पांढरा शर्ट घालून दुपारी चारला आले, तेव्हा दफनभूमीत फक्त फुलं होती. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "मास्तर, नाव दिसला, पन येल नाय दिसली माज्या फोनात."

पुढच्या रविवारी सर माझ्या दारात उभे. हातात वही, वहीला समास आखलेला. "शिकव," म्हणाले.

विद्यार्थी म्हणून सर माझ्यापेक्षा बरे निघाले. एकेक तक्ता मोडताना हळहळायचे, पण मोडायचे. अडलं एकाच जागी. पानाच्या मधोमध एक रिकामी चौकट होती. नव्या मांडणीत ती मिटून जायची आणि खालच्या सूचना वर सरकायच्या. सर तिला पुन्हा पुन्हा मांडायचे. शेवटी मी वैतागलो. "सर, काहीच नाहीये तिच्यात. जाऊ द्या ना!"

सरांनी पेन खाली ठेवलं. "बाईंची आहे ती."

बाई म्हणजे सरांची बायको, आम्हाला मराठी शिकवायच्या. कुणाच्या वाडीत अळू जास्त झालंय, कुणाकडे तोंडली मोप आलीत, या आणि घेऊन जा, असं त्या रोज त्या चौकटीत लिहायच्या. त्या गेल्यापासून सरांनी तिथे एक अक्षर घातलं नव्हतं. "तक्त्यात रिकामा खण जागचा हलत नाही," ते म्हणाले. "तुमच्या पद्धतीत बाकीचे लगेच सरकून घेतात."

मला माझीच लाज वाटली. मी त्या चौकटीला ठरावीक उंची लिहून दिली. एका ओळीचं काम. चौकट जागेवर बसली.

"अशी सोय होती?"

"पहिल्यापासून आहे, सर."

"मग सांगायचं नाहीस?"

तुम्ही विचारलंत कुठे, असं ओठांवर आलं होतं. पण ती चौकट रिकामी का, हे मीही कधी विचारलं नव्हतं.

आता पान कुठल्याही फोनवर नीट दिसतं, आणि अंत्यविधीची वेळ सगळ्यांत वर, ठळक. फक्त मध्येच वीतभर कोरी जागा येते आणि माणसं फसतात. परवा मी सरांकडे बसलेला असताना नाखवांचा फोन आला. "मास्तर, पान सपला काय? खाली काय नाय."

सर समोरच्या पडद्यावर त्याच कोऱ्या जागेवर बोट ठेवून बसले होते. "संपलं नाही रे," ते म्हणाले. "थोडा थांबत थांबत खाली जा."