डावीकडची तांबडी पट्टी

आमच्या भागात कोणाचा कॉम्प्युटर अडला की लोक खुडबुड्यांना बोलावतात. खरं आडनाव वेगळं आहे, पण ते पेन्शनच्या कागदांखेरीज कुठे वापरात नाही. तंत्रशाळेत ते लॅब अटेंडंट होते. म्हणजे कॉम्प्युटरवरची धूळ पुसायची, खुर्च्या सरळ करायच्या आणि कुलूप लावून घरी जायचं. पुसता पुसता ते मोडीत काढलेली यंत्रं चालू करायला शिकले, आणि पुढे पुढे शिकवणारे सरच अडलं की त्यांना हाक मारू लागले. परीक्षा त्यांनी एकही दिलेली नाही. "त्यामुळे मला नापास करायची कोणाला संधीच मिळाली नाही," असं ते सांगतात.

या माणसाचे माझ्यावर उपकार आहेत, आणि मी त्यांना नको नको ते बोलले आहे. मी शाळेत गणित शिकवते. चुकीचं उत्तर दिसलं की माझं डोकं फिरतं. त्या वर्षी चूक माझीच होती, तरी डोकं त्यांच्यावर फिरलं.

माझे बाबा मुद्रितशोधक. चाळीस वर्षं त्यांनी शाळेच्या पुस्तकांची प्रुफं तपासली. आता प्रुफं कॉम्प्युटरवर येतात आणि बाबा पडद्यावरच खुणा करतात. आमचा कॉम्प्युटर इतका जुना की चालू करून आंघोळ उरकून यावं, तरी तो आपला विचारातच.

मग बाबांना पक्षाघाताचा झटका आला. डावा हात आणि पाय लुळे पडले. ते हॉस्पिटलमध्ये होते तेव्हा मी खुडबुड्यांना बोलावलं. घरी आल्याबरोबर बाबांना कामाला बसता यावं, एवढीच माझी इच्छा होती. खुडबुड्यांनी जुनी सिस्टीम काढून लिनक्स नावाची फुकट मिळणारी सिस्टीम घातली आणि त्यावर अगदी हलका डेस्कटॉप बसवला. पहिल्या दिवशी जोडाक्षरं फुटत होती, म्हणून फॉन्ट बदलला. अक्षरं मोठी केली, मेन्यू मराठीत आणला. मेन्यूचं बटण नेहमीच्या जागी, खालच्या पट्टीच्या डाव्या टोकाला ठेवलं. यंत्र टुणटुणीत झालं.

बाबा घरी आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "मेन्यू कुठे गेला?"

मला तो समोर दिसत होता. पण मी घाईत होते आणि बाबांना म्हटलं, "येईल हो." दुसऱ्या दिवशी मी शाळेत असताना त्यांनी तीनदा फोन करून मेन्यू गायब असल्याचं सांगितलं. खुडबुडे आले. त्यांनी पट्टीची सगळी सेटिंग पुसून नवी केली. दोन दिवसांनी पुन्हा तेच. त्यांनी पडद्याची वायर बदलली. त्यांची एक पद्धत होती, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि ती वहीत लिहायची. ती वही बघून माझा जीव वरखाली व्हायचा, कारण वही भरत होती आणि तक्रार होती तिथेच होती.

त्यातच प्रकाशनाच्या संपादकांचा फोन आला. सातवीच्या गणिताच्या पुस्तकात बाबांच्या हातून ढीगभर चुका सुटल्या होत्या. संपादक भले गृहस्थ. म्हणाले, "तीन महिने मी बाकीची प्रकरणं अडवून धरतो. त्यानंतर मात्र दुसऱ्या कोणाला तरी द्यावी लागतील."

बाबांनी ऐकलं. "प्रुफं गेली की मी नुसता जेवणारा माणूस उरेन," एवढंच बोलले.

मी खुडबुड्यांना दारातच गाठलं. "तुमच्या त्या लिनक्सने पान अर्धवट दिसतंय. आधी सगळं व्यवस्थित चाललं होतं. फुकटची खुडबुड करून तुम्ही एका माणसाचं काम घालवलंत." शेजारणीने खिडकी उघडली, इतका माझा आवाज चढला होता.

खुडबुडे म्हणाले, "बाई, आज मी यंत्राला हात लावत नाही. नुसतं बसतो."

ते बाबांच्या मागे स्टुलावर बसले. तासभर कधी पडद्याकडे, कधी बाबांकडे बघत राहिले. मग त्यांनी संपादकांनी परत पाठवलेली पानं छापून मागितली, चाळली आणि मला स्वयंपाकघरात बोलावलं. बाबांच्या सगळ्या खुणा पानाच्या उजव्या अर्ध्यात होत्या. तिथली एकही चूक सुटली नव्हती. डाव्या अर्ध्यात एकही खूण नव्हती.

"माउसचा बाण मध्यापर्यंत येतो आणि माघारी फिरतो," ते हळू आवाजात म्हणाले. "आणि बाई, दाढी बघा त्यांची. डावा गाल तसाच राहिलाय. यंत्र ठीक आहे. तुम्ही डॉक्टरांना दाखवा."

मी बाबांना रोज बघत होते आणि मला तो गाल दिसला नव्हता. एका हाताने करतात म्हणून राहत असेल, असं मी धरून चालले होते. मी तिथेच खुडबुड्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "आधी यंत्रावर संशय घ्यायचा, हे बरोबरच आहे. मीही तेच करत होतो ना."

डॉक्टरांनी सांगितलं, डोळे शाबूत आहेत, पण डावीकडे लक्ष द्यायचं मेंदू विसरलाय. सरावाने परत येऊ शकतं, खात्री देता येत नाही. त्यांनी एक व्यायाम दिला. कागदाच्या डाव्या कडेला जाड तांबडी रेघ मारायची आणि ती दिसल्याशिवाय ओळ वाचायला लागायचं नाही.

खुडबुड्यांनी ती रेघ पडद्यावर आणली. एक उभी तांबडी पट्टी त्यांनी पडद्याच्या मध्यावर उभी केली आणि मेन्यू तिच्यातच बसवला. सेटिंगमध्ये डावीकडे समास सोडायची सोय होती. तिथे आकडा टाकला की प्रोग्रामची प्रत्येक खिडकी पट्टीपासून उजवीकडेच उघडायची. अर्धा पडदा रिकामा राहिला, पण बाबांना मेन्यू सापडला. दीड महिन्यात त्या दिवशी ते पहिल्यांदा हसले.

"आता दर शनिवारी येतो," खुडबुडे मला जिन्यात म्हणाले. "पट्टी बोटभर डावीकडे घेईन आणि समास तेवढा कमी करीन. त्यांना सांगू नका, धास्ती घेतील."

आणि ते आले. एकही शनिवार चुकला नाही. बाबांना सांगायचे, "अपडेट आहे, पाच मिनिटं." आकडे बदलायचे, वहीत लिहायचे. काही आठवडे बाबा पट्टी शोधताना घामाघूम व्हायचे. एकदा ती सापडेचना, तर खुडबुड्यांनी मुकाट्याने पुन्हा एक बोट मागे आणली. यांना घरी बायको आहे, नातवंडं आहेत, माझ्या बाबांसाठी हा माणूस शनिवार का घालवतोय, असं मला वाटायचं. विचारलं तर म्हणायचे, "अर्धवट सोडलं की मला जेवण जात नाही." मी तोपर्यंत कोणाला मनापासून हात जोडले नव्हते. त्यांना जोडले, तर ते लाजून चपला शोधू लागले.

अकरावा शनिवार आला. संपादकांनी चाचणी म्हणून एक प्रकरण पाठवलं होतं. बाबांचं तपासून होत आलं होतं. मी डोकावून पाहिलं. एका ओळीच्या अगदी सुरुवातीला, डाव्या टोकाला, वजाचं चिन्ह गळालं होतं. मी गणिताची बाई, मलाही ते पटकन दिसलं नाही. बाबांनी तिथे खूण केली होती.

खुडबुडे आले, त्यांनी सेटिंग उघडली आणि थांबले. "बाई, तुम्ही केलंत हे?"

"काय?"

"मागच्या वेळी समास दोनशेवर सोडला होता. आता शून्य आहे. पट्टीही अगदी कडेला आहे."

मी नकारार्थी मान हलवली. मला ते आकडे कुठे असतात हेसुद्धा माहीत नव्हतं.

"मी केलं, परवा," बाबा प्रुफावरून नजर न काढता म्हणाले. "दर शनिवारी तुम्ही सरकवत होतात, मी पाहत होतो. शेवटचं थोडंसं राहिलं होतं. म्हटलं, तेवढं आपण करावं."

खुडबुड्यांनी वही मिटली. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

"आता एक काम करा," बाबा म्हणाले. "तो तांबडा रंग फार भडक आहे हो. डोळ्यांत खुपतो. काहीतरी साधा लावा."

खुडबुड्यांनी रंग बदलला. पट्टी बाकीच्या पडद्यासारखीच करडी झाली, शोधल्याशिवाय दिसू नये अशी. बाबांनी मान डावीकडे वळवली, पट्टीवर नजर टेकवली आणि तिथून पुढची ओळ वाचायला घेतली.